ओहोटीच्या वेळापत्रकावर : निवट्यांच्या मागे कोकणच्या खाड्यांतून

निवटी पाहायची असेल तर प्रवासाच्या तारखा रजेच्या सोयीने ठरवून भागत नाही, त्या तिथीवरून ठरवाव्या लागतात. हा मासा खाडीच्या तळाशी चिखलातल्या बिळात राहतो आणि ओहोटीने चिखल उघडा पडला की वर येऊन चरतो. त्यामुळे ऐन भरतीला पोहोचलेल्या माणसाला मासा तर सोडाच, त्याचे घरही दिसत नाही. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशोब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती असते आणि तिच्या आधी-नंतर सुमारे सहा तासांवर पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे, दिवस अजून सरलेले नाहीत, ओहोटी खोलवर जाते आहे आणि ती उन्हे चढण्याच्या वेळेलाच येते आहे, असा मेळ अमावास्या-पौर्णिमेनंतर थोडेच दिवस जमतो. म्हणून माघ शुद्ध तृतीयेला ठाण्याच्या खाडीपासून निघून रोज थोडे दक्षिणेकडे सरकायचे आम्ही ठरवले. बरोबर मत्स्यशास्त्र शिकणारा माझा भाचा होता. पुस्तकी माहितीची बाजू त्याची आणि गाडी चालवण्याचे काम माझे, अशी वाटणी होती.

दिवस पहिला : ऐरोली

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत जाणारी बोट पुरेसे पाणी असतानाच सुटते, त्यामुळे फ्लेमिंगो पाहायला आलेल्यांची आणि आमची वेळ जुळण्यासारखी नव्हती. आम्ही बोटीचा नाद सोडून जेटीच्या बाजूने कांदळवनाच्या कडेला दुर्बीण लावून उभे राहिलो. आठ वाजता चिखल उघडा पडलेला होता, पण त्यावर हालचाल म्हणावी तर फक्त एक नांगी मोठी असलेल्या लहान खेकड्यांची. माघातली हवा गार होती. भाच्याने सांगितले की निवटीचे शरीर थंड रक्ताचे असल्यामुळे चिखल जरा तापल्याखेरीज ती बिळाबाहेर पडण्याची घाई करत नाही. नऊ वाजत आले तसे एकेका बिळाच्या तोंडाशी आधी दोन डोळे दिसू लागले, मग डोके, आणि अर्ध्या तासात समोरच्या पट्ट्यावर जिकडे पाहावे तिकडे निवट्या झाल्या.

येथे मोकळ्या चिखलावर दिसते ती मोठी जात, बोलिओफ्थॅल्मस ड्युसुमिएरी. वालांसिएन या फ्रेंच मत्स्यशास्त्रज्ञाने १८३७ साली तिचे वर्णन केले आणि भारतातून नमुने गोळा करून फ्रान्सला नेणाऱ्या ड्युसुमिए या प्रवासी व्यापाऱ्याचे नाव तिला दिले. लांबी साधारण वीतभर, रंग चिखलाचाच, त्यावर तिरके गडद पट्टे आणि ऊन योग्य कोनातून पडले तर चमकणारे बारीक निळसर ठिपके. डोळे डोक्याच्या अगदी माथ्यावर, एकमेकांना लागून, बाहेर आलेले. पाठीवरचे दोन पर एरवी मिटलेले असतात, पण शेजारीण हद्दीत शिरली की ते ताडकन उभे राहतात, आणि तेवढ्या क्षणापुरता चिखलाच्या रंगाचा हा मासा विलक्षण देखणा दिसतो.

एकाच निवटीवर दुर्बीण रोखून बराच वेळ पाहत राहिल्याने तिची चरण्याची रीत नीट कळली. ती तोंड चिखलाला टेकवते, डोके डावीकडून उजवीकडे फिरवते, छातीच्या परांवर शरीर रेटून बोटभर पुढे सरकते आणि पुन्हा डोके फिरवते. तिच्या खालच्या जबड्यातले दात जवळजवळ आडवे असतात, त्यामुळे ते चिखलात रुतत नाहीत, त्याचा अगदी वरचा पापुद्रा तेवढा खरवडतात. ती पुढे गेली की मागे कमानीसारख्या बारीक रेघांची रांग उरते. ज्या जागेवर अजून कोणी चरलेले नव्हते तेथे चिखलाला सोनेरी-तपकिरी झाक होती आणि चरून झालेल्या जागी तो निव्वळ राखाडी दिसत होता. ती झाक म्हणजे डायटम, सिलिकेचे कवच असलेली एकपेशीय शैवाले. उजेड आणि ओहोटी या दोन्ही गोष्टी जुळल्या की ती चिखलातून वर येतात आणि पाणी येण्याआधी पुन्हा खाली जातात. निवटीचे चराऊ रान ते एवढेच. ते काही तासांपुरते उगवते, आणि जो चिखल रोज उघडा पडत नाही किंवा ज्यावर ऊन पोहोचत नाही तेथे उगवतच नाही.

खाडीच्या पलीकडच्या अंगाला फ्लेमिंगोंची गुलाबी रांग होती. त्यांतल्या लहान जातीच्या फ्लेमिंगोंचे अन्नही मुख्यतः सूक्ष्म शैवालच. पण ऑगस्ट २०१५ मध्ये हे क्षेत्र अभयारण्य झाले ते फ्लेमिंगोंच्या नावाने, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला तेव्हाही छायाचित्रे छापून आली ती त्यांचीच. चिखलाकडे बघायला निमित्त पक्ष्याचे असो की माशाचे, चिखल वाचल्याशी मतलब, असे मी म्हणालो. ते भाच्याला फारसे पटले नाही.

दिवस दुसरा : उरण तालुका

माघी गणेश जयंतीचा दिवस होता. खाडीकाठच्या ज्या आगरी गावात आम्ही गेलो तेथे सकाळपासून देवळात आरत्या चालू होत्या आणि कोणाच्याही घरी मासळी शिजणार नव्हती. निवट्या पकडण्यात हयात गेलेल्या एका आजोबांना आम्ही आदल्या दिवशी निरोप पाठवला होता. ‘आज हात नाय लावाचा, दाखवीन फकस्त,’ एवढे बजावून ते आमच्याबरोबर बांधावरून खाली उतरले.

या बाजूचा सगळा मुलूख बांधबंदिस्तीचा आहे. खारे पाणी अडवणारा मातीचा लांब बांध, त्यात पाण्याची ये-जा सांभाळणारी उघाडी, बांधाच्या आत भातशेती किंवा मिठागर आणि बाहेर तिवर या खारफुटीच्या झाडांचा पट्टा. तिवरांच्या पुढे उघडा चिखल आणि त्यापलीकडे खाडीचे पाणी. मोठी निवटी राहते ती या शेवटच्या उघड्या पट्ट्यात. तिवरांच्या सावलीत, पेन्सिलींसारख्या वर आलेल्या श्वसनमुळांच्या दाटीत दिसते ती दुसरी, बोटभर लांबीची तपकिरी जात, पेरीऑफ्थॅल्मस कुळातली. ती शैवाल खरवडत नाही. लहान खेकडे, कोळंबीची पिल्ले, किडे असे जे जिवंत मिळेल ते खाते. दोघींची घरे एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर, पण जेवणावरून भांडण व्हावे असे त्यांच्यात काही नाही.

आजोबांनी चिखलात चालण्याचा पहिला धडा दिला : पाय उचलायचा नाही, सरकवायचा. मांडीपर्यंत रुतलेला मी तो धडा शिकेपर्यंत ते बरेच पुढे निघून गेले होते. निवटीचे बीळ वरून पाहिले तर चिखलातले एक साधे भोक, पण थोड्या अंतरावर त्याच बिळाचे दुसरे तोंड असते. ते शोधता आले तरच निवटी हाती लागते. एका तोंडावर पाय दाबून ठेवायचा, दुसऱ्यातून दंडापर्यंत हात घालायचा आणि बोटांना निसरडे काही लागले की मुठीत न आवळता तळव्याने बिळाच्या भिंतीशी दाबून धरायचे. आवळले तर ती बोटांतून सुटते. हे सगळे त्यांनी कोरड्या हातांनी, अभिनय करून दाखवले, आणि एका बिळातून डोकावणारी निवटी तेवढा वेळ स्थिर डोळ्यांनी आमच्याकडे पाहत होती. मध्येच तिचे दोन्ही डोळे खोबणीत आत गेले आणि पुन्हा वर आले.

या डोळे मिटण्याविषयी भाच्याकडे ताजी माहिती होती. माशांना पापण्या नसतात आणि पाण्यात राहणाऱ्या माशाला त्यांची गरजही पडत नाही. निवटीच्या कुळाला मात्र हवेत राहायचे असल्यामुळे डोळा ओला ठेवणे, त्यावरचा कचरा पुसणे आणि इजा होण्याआधी तो आत घेणे, ही तिन्ही कामे करावी लागतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की या माशांनी त्यासाठी कोणताही नवा स्नायू कमावलेला नाही. डोळा हलवण्याचे जे जुने स्नायू सर्व माशांना असतात त्यांच्याच रचनेत थोडा फरक होऊन डोळा खाली खोबणीत ओढला जातो. जमिनीवर आलेल्या आपल्या पूर्वजांनीही पापणी लवण्याची सवय याच तीन कारणांसाठी लावून घेतली असावी, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे.

श्वासाचीही अशीच तडजोड आहे. निवटी बाहेर येताना गालांत पाणी आणि हवा धरून येते आणि कल्ल्यांबरोबरच तोंडाच्या आतल्या अस्तरातून व ओल्या कातडीतून प्राणवायू घेते. कातडी वाळली की श्वास अपुरा पडतो, म्हणून चरता चरता ती मधूनच एखाद्या डबक्यात कूस बदलून लोळते. आजोबांना यातले शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण पकडलेल्या निवट्या ओल्या तिवराच्या पाल्यात ठेवल्या तर बाजारात विकल्या जाईपर्यंत जिवंत राहतात, हे त्यांनीच सांगितले. पूर्वी एका ओहोटीत टोपली भरत असे, आता तळ झाकला जातो, असेही ते म्हणाले. भराव कोठे कोठे पडला, कोणत्या उघाडीच्या तोंडाशी गाळ घट्ट झाला, हे त्यांनी हात लांब करून दाखवले. चिखल घट्ट झाला की निवटीला बीळ खणता येत नाही आणि फारच पातळ झाला तर खणलेले बीळ टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि मला तरी या माशाच्या निवासाची याहून नेमकी व्याख्या ऐकल्याचे आठवत नाही.

दिवस तिसरा : रेवदंडा

वडखळवरून अलिबागमार्गे रेवदंड्याला कुंडलिकेच्या काठी पोहोचलो. पंचमी असल्यामुळे ओहोटी दहाच्या सुमारास होती. नदीच्या मुखाशी वाळू असली तरी आत खाडीच्या वळणांवर चांगला मऊ चिखल आहे आणि तेथे निवट्यांची वस्ती दाट होती. ऐरोलीला दुर्बिणीतून जे दिसले ते येथे पाच-सहा हातांवर पाहता आले, कारण आम्ही एका मोडक्या धक्क्यावर पालथे पडून होतो. उभ्या माणसाची सावली पडताच सगळा पट्टा एका क्षणात रिकामा होतो, आडव्या माणसाला मात्र त्या थोड्याच वेळात विसरतात.

प्रत्येक निवटीचे बिळाभोवतीचे रान ठरलेले होते. हद्दीच्या रेषा चिखलावर दिसत नव्हत्या, पण दोन निवट्या तोंडे वासून समोरासमोर येत आणि मग दोघीही माघारी फिरत ती जागा दर वेळी जवळपास तीच असे. याच जातीच्या निवट्या कुवेतच्या आखातात आणखी पुढे गेलेल्या आहेत. क्लेटन आणि वॉन या संशोधकांनी १९८२ साली नोंदवले की तेथे निवट्या तोंडाने चिखल वाहून आणून हद्दीवर भिंती घालतात आणि शेजार दाट असला की ही रानेच्या राने पंचकोनी होतात. त्या वेळी त्यांनी मासा वेगळ्या जातीचा मानला होता, पुढे तो आपलाच ड्युसुमिएरी असल्याचे मानले जाऊ लागले. भिंतीमुळे ओहोटीतही आत थोडे पाणी साचून राहते. आम्ही भिंती खूप शोधल्या, एकही सापडली नाही.

दुपारी ज्यांच्याकडे उतरलो होतो तेथे निवट्यांचे कालवण होते. राख लावून चोळल्याशिवाय हिच्या अंगाचा बुळबुळीतपणा जात नाही, आणि तो गेला नाही तर रश्शालाच चिखलाचा वास येतो. वाटणात लसूण आणि कोथिंबीर भरपूर, आंबटाला चिंच. मांस मऊ, गोडसर, काटा मधोमध एकच म्हणावा असा. मला ते अतिशय आवडले. भाचा मात्र ताटावरही गंभीर राहिला. चिखलाचा पापुद्रा खाऊन जगणाऱ्या माशाच्या अंगात त्या चिखलात उतरलेले जड धातूही जातात, म्हणूनच प्रदूषण मोजायला हा मासा वापरतात. तेव्हा कारखान्यांच्या पट्ट्यातली निवटी आपण खाल्ली नसती, असे त्याने सांगितले आणि दुसऱ्यांदा रस्सा घेतला.

दिवस चौथा : अंजर्ले

आगरदांडा-दिघी फेरीबोटीने आदल्या संध्याकाळीच राजपुरीची खाडी ओलांडली होती. सकाळी बागमांडल्याहून वेशवीला सावित्रीची खाडी उतरलो आणि केळशीवरून अंजर्ल्याला जोग नदीच्या काठी ओहोटीच्या वेळेला पोहोचलो. रायगड संपून रत्नागिरी जिल्हा लागला तसा काठचा देखावा बदलला. तिवरांच्या जोडीला येथे कांदळ, म्हणजे टेकूसारखी मुळे चौफेर सोडणारे ऱ्हायझोफोरा, अधिक दिसू लागते, आणि मोकळ्या चिखलाचा पट्टा बराच आखूड होतो.

येथे मुद्दा बिळाचा निघाला, कारण उतरत्या काठावर धूप होऊन एक जुने बीळ उभे कापल्यासारखे उघडे पडले होते. उभी नळी, तिला मिळणारी दुसरी तिरपी नळी आणि खाली आडवा होत गेलेला भाग. अशा बिळाच्या तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, कारण चिखलातले जिवाणू तो संपवतात. तो काळा थर नखाने उकरला की सडक्या अंड्याचा वास येतो. मग अंडी जगतात कशी, याचे उत्तर जपानमधल्या एका जातीवर, पेरीऑफ्थॅल्मस मोडेस्टसवर, इशिमात्सू यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या कामातून मिळाले. बिळाच्या टोकाला वर वळलेली एक खोली असते आणि तिच्या छताला अंडी चिकटवलेली असतात. नर ओहोटीच्या वेळी बाहेर येऊन तोंडभर हवा घेतो, आत जाऊन सोडतो, पुन्हा बाहेर येतो, आणि असे करत खोली हवेने भरलेली ठेवतो. अंडी फुटायला आली की तोच नर रात्रीच्या भरतीला ती हवा तोंडाने बाहेर काढून टाकतो, खोलीत पाणी चढते आणि पिल्ले त्या पाण्यात फुटतात. मासा असून पोरांना पाण्यापासून जपायचे आणि योग्य घटकेला पाण्याच्या हवाली करायचे, हे वाचून ठाऊक असले तरी प्रत्यक्ष बिळापाशी बसून ऐकताना मला पुन्हा नवल वाटले. समोरच्या कापलेल्या बिळात तशी खोली शिल्लक नव्हती, खालचा भाग ढासळलेला होता.

दिवस पाचवा : दाभोळ ते रत्नागिरी

हा दिवस बहुतेक गाडीत आणि फेरीबोटींवर गेला. दाभोळ-धोपावे, मग तवसाळ-जयगड. वाशिष्ठीच्या काठी लोक मगरीच्या गोष्टी सांगतात आणि त्या खऱ्याही आहेत, त्यामुळे चिखलात उतरण्याचा विचार सोडून देऊन फेरीच्या धक्क्यावरूनच पाहिले. कडेच्या मुळांत लहान तपकिरी निवट्या होत्या; मोठ्या तुरळक.

दिवस सहावा : वेंगुर्ले, मांडवी खाडी

रत्नागिरीहून पहाटे अंधारात निघावे लागले, कारण पाऊणपटीचा हिशोब मुंबईच्या बाजूला ठीक चालतो, पण पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून वर सरकत असल्यामुळे तळकोकणात ओहोटी थोडी अलीकडे येते. अष्टमीची भांगाची, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याच्या दिवसांतली, ओहोटी बारा वाजायच्या आधीच उरकणार होती. मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या होड्या आहेत. बायकाच वल्हवतात, आणि कांदळ, तिवर, चिप्पी ही झाडे पानांवरून व मुळांवरून ओळखायला शिकवतात. आमच्या होडीतल्या ताईंना आम्ही पक्षी दाखवू नका, फक्त चिखलाच्या कडेने न्या, असे सांगितले तेव्हा त्यांनी आधी भाच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले, पण होडी कडेला घेतली.

उत्तरेकडून निघाल्यापासून जो फरक जाणवत होता तो येथे स्वच्छ दिसला. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो, सिंधुदुर्गात तो साधारण दोन मीटर. पाणी जितके कमी चढते-उतरते तितका उघडा पडणारा काठ अरुंद, आणि येथल्या गाळात वाळूही जास्त. भांगामुळे त्या दिवशी तो आणखी अरुंद झाला होता, हे खरे. उधाणाला येऊन पाहिले असते तर चित्र थोडे बरे दिसले असते. तरीही ठाण्याच्या खाडीत दुर्बिणीत न मावणारा जो चिखल होता तो येथे झाडांच्या मुळांपुढे पाच-सात हातांची पट्टी होऊन राहिला होता, आणि त्या पट्टीवर राज्य होते ते लहान जातीचे. कांदळवन जितके दाट तितका हा मासा सुखी, हा माझा समज उरणपासूनच डळमळीत झाला होता. झाडांची दाटी लहान निवटीला मानवते. मोठीला झाडे पाठीशी हवीत, पण समोर उघडा, उन्हातला, मऊ चिखल हवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालापासून कांदळवन तोडणाऱ्याला निदान विचार करावा लागतो, आणि २०२० मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवृक्षही झाली. उघड्या चिखलाची बाजू घ्यायला मात्र कोणी सहज उभे राहत नाही. उलट तेथे रोपे लावण्याचे कार्यक्रम होतात आणि ते पुण्याचे काम समजले जाते. रोप जगले तर मोठ्या निवटीचे रान त्याच्या सावलीत गेले, हा हिशोब त्यात कोणी धरत नाही.

बारा वाजायच्या आधीच पाणी फिरले. लहान निवट्यांची सरकण्याची तऱ्हा येथे होडीतून अगदी जवळून पाहायला मिळाली. छातीचे दोन्ही पर एकदम पुढे टेकायचे, शरीर उचलून पुढे टाकायचे आणि पुन्हा पर पुढे न्यायचे. घाई झाली तर शेपूट एका बाजूला वळवून चिखलावर आपटायची आणि हातभर लांब उडी घ्यायची. उत्तरेकडे मोठ्या निवट्या पाणी चढू लागले की एकेक करून बिळात जात होत्या. येथल्या लहान निवट्या पाण्यापुढे मागे हटत कांदळाच्या मुळांपाशी आल्या, पोटाखालच्या परांनी मुळाला धरून वर चढल्या आणि पाणी चढेल तसतशा आणखी वर सरकत राहिल्या. मासा पाण्याला भिऊन झाडावर चढतो हे आपण रोज पाहतो, पण कोणी विचारत नाही म्हणून सांगत नाही, असे ताई म्हणाल्या, आणि भरतीच्या ओढीबरोबर होडी धक्क्याकडे वळवली.